दोन प्रश्न सोडून

बोईसरला मी ज्या घरात वरच्या मजल्यावर राहते, त्याच्या जिन्यात मीटरच्या पेटीशेजारी एक कागद डिंकाने चिकटवलेला होता. पाणी जपून वापरा, गेट लावून घ्या, असलं त्यात काही नव्हतं. निळ्या शाईत, शाळेतल्या सुविचारासारख्या अक्षरात लिहिलं होतं: ‘भाडेकरूंनी दोन प्रश्न सोडून काहीही विचारावे. १. कधी आलात? २. कधी जाणार?’

भाडेकरू मी एकटीच. म्हणजे ही सूचना सगळी माझ्यासाठीच होती.

मी जळगावकडची. इथल्या एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि खोली शोधत फिरत होते. तोवर सात घरमालक पाहून झाले होते. सातही जणांनी आधी जात विचारली, मग लग्न का नाही झालं ते विचारलं. आठवे हे काका. दारात लुंगी आणि थंडीतला लोकरी स्वेटर अशा अवतारात उभे होते, बाहेर ऊन रणरणत असताना.

‘मासे खातेस?’

‘नाही.’

‘वास चालेल?’

‘सवय करीन.’

‘मग झालं,’ असं म्हणून त्यांनी किल्ली दिली आणि जिन्यातल्या कागदाकडे बोट दाखवलं. ‘तेवढं पाळ.’

काका कागदोपत्री इंग्रज होते. आमच्या आळीत एकुलता एक इंग्रज, तोही सातपाटीचा. कोळ्याच्या घरात जन्मले, विसाव्या वर्षी मोठ्या जहाजाच्या मुदपाकखान्यात भांडी घासायला चढले आणि ब्रिटनमधल्या कुठल्याशा थंड बंदरात उतरले ते तिथलेच झाले. तिथल्या मासेमारी बोटींची इंजिनं दुरुस्त केली, तिथल्याच बाईशी लग्न केलं, मुलगा झाला, नागरिकत्व घेतलं. बायको वारली. मुलाला मराठी शिकवायचं राहून गेलं. आपल्या सरकारने अशा लोकांना एक कार्ड दिलेलं असतं. जन्मभर या, जा, घर बांधा, पण परदेशी ते परदेशीच. त्या कार्डावर काका दिवाळीला यायचे आणि होळी आटोपली की जायचे.

आणि आल्या दिवसापासून जाईपर्यंत प्रत्येक जण त्यांना तेच दोन प्रश्न विचारायचा. विमानतळावरचा साहेब विचारायचा, रिक्षावाला विचारायचा, सातपाटीच्या बंदरावर जाळी विणत बसलेले म्हातारे विचारायचे. गावात तर त्यांचं नावच ‘पावना’ पडलं होतं. ‘पावना आलाय,’ असं पोरं गल्लीतून ओरडत जायची. काका एकदा मला म्हणाले, ‘कदी आलास हे विचारलं की कलतं, आपन हितले नाय. कदी जाणार विचारलं की कलतं, किती दिवस सहन करायचं त्याचा अंदाज घेतायत.’

मी हसले. ते हसले नाहीत.

त्यांची सुटकेस कायम भरलेली असे. खाली दोन खोल्यांत मोठं लाकडी कपाट होतं, पण त्यात रिकाम्या बिस्किटांच्या डब्यांखेरीज काही नसे. कपडे सुटकेसमधून काढायचे, धुवायचे, वाळवायचे, परत सुटकेसमध्ये. वजनकाटा होता, त्यावर स्वतः कधी चढले नाहीत. रोज सकाळी चहा झाला की सुटकेस चढवायचे आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचे. मी विचारलं, काका, रोज रोज काय वजन वाढणार आहे तिचं? तर म्हणाले, ‘बाय कदी बोंबील देईल, नेम नाय. जागा नको ठेवायला?’

बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण. सातपाटीत मोठ्या बहिणीला बाय म्हणतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, नवऱ्यामागे जन्मभर पालघरच्या बाजारात मासळी विकून तिने घर चालवलेलं. काकांना ‘अरे मेल्या’ अशी हाक मारणारं जगात तेवढंच एक माणूस उरलं होतं. दर होळीनंतर ती त्यांना सुके बोंबील बांधून द्यायची. आणि दरवर्षी ते बोंबील दमट निघायचे. एकदा सुटकेस विमानातून उतरून पट्ट्यावर आली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंच्या बॅगांच्या मालकांनी आपापल्या बॅगा आधी उचलल्या आणि मग शिव्या दिल्या. काका ही गोष्ट रंगवून सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, ‘बायची नजर गेली आता. कच्चे काय, सुके काय, तिला दिसत नाय.’ माझ्या शाकाहारी नाकालाही ते पटायचं.

त्यांची आणखी एक खोड होती. आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. काका कोपऱ्यावर ब्लेड आणायला निघाले तरी ‘जातो’ म्हणायचे. मी टोकलं तर म्हणायचे, ‘जातो तर जातोच बोलायचं. येनार की नाय ते विमानवाल्यांना ठावूक.’ बाय मात्र दारातून ओरडायची, ‘येतो बोल, मेल्या! जातो काय बोलतोस?’ ते मागे न बघता चालू लागायचे.

हे सगळं मी विक्षिप्तपणाच्या खात्यात टाकत होते. मग त्यांनी मला थोरल्या भावाचं सांगितलं.

भाऊ अचानक गेला, मी यायच्या आधी दोन वर्षं. काका मिळेल त्या विमानाने निघाले. दुपारी मुंबईत उतरले, पण त्याच वेळी आणखी तीन विमानं उतरली होती आणि परदेशी नागरिकांची रांग जिन्यापर्यंत गेलेली. एक तास पन्नास मिनिटं ते त्या रांगेत उभे होते. काउंटरवरच्या साहेबाने सवयीने विचारलं, किती दिवस राहणार? काका म्हणाले, ‘भाव जाळायचाय. जळायला लागतील तितके.’ साहेबाने मान वर करून बघितलं आणि शिक्का मारला. सातपाटीला पोचले तेव्हा चिता पेटलेली होती आणि माणसं पाय धूत होती. पुतण्या म्हणाला, ‘काका, थांबलो व्हतो तुमच्यासाठी. दिवस मावळायला लागला.’

काका चाळीस मिनिटं उशिरा पोचले होते. तेव्हापासून त्यांनी रांगेशी उभं वैर धरलं. खरं म्हणजे हायवेवरही गाडी तासभर अडकली होती, हे त्यांनीच मला एकदा बोलता बोलता सांगितलं. पण हायवेवर त्यांचा राग नव्हता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, तसे ते वडापावच्या गाडीसमोर तिघं दिसले तरी परत फिरायचे. आता मागे एकच माणूस राहिलं होतं, बाय. तिच्या वेळेला उशीर होता कामा नये, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला गाडीत घातलं आणि मुंबई विमानतळाच्या बाहेरच्या दारापर्यंत नेलं. तिथे गाडी थांबवली, घड्याळ बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, ‘आता सातपाटी. चाय नाय, पानी नाय.’ ही रंगीत तालीम होती. तीन तासांना तीन मिनिटं कमी असताना आम्ही बायच्या दारात उतरलो. त्यांनी आकडा तळहातावर लिहिला. बाय अंगणात पापलेट साफ करत होती. आम्हाला बघून तिचा चेहरा उजळला.

‘आलास? कदी जाणार?’

‘आत्ताच.’

‘आत्ता? अरे मी पापलेट काढलाय.’

‘वेल किती लागतो ते बघायला आलो. झाला बघून.’ ते गटागटा पाणी प्यायले आणि ‘जातो’ म्हणून गाडीत बसले. बाय हातात तशीच अर्धी चिरलेली मासळी घेऊन उभी होती. मला इतकी शरम वाटली, की मी गाडीची काच वर केली. परतीच्या वाटेवर काका खुशीत होते. म्हणाले, गाडीचं जमलं, आता फक्त रांगेचं बघायचं.

रांगेचं औषध त्यांना पेपरात सापडलं. विमानतळावर सरकारने विश्वासू प्रवाशांसाठी वेगळी सोय केली होती. एकदा अर्ज करायचा, सरकार तुमची चौकशी करणार, बोटांचे ठसे घेणार. पास झालात की पासपोर्ट टेकवायचा, बोट टेकवायचं, यंत्राचं दार आपोआप उघडतं. आणि काकांकडे होतं ते कार्ड असलेल्या परदेशी नागरिकांनाही ती सोय होती. कात्रण घेऊन ते जिना चढून वर आले. एरवी ते माझ्या मजल्यावर कधी पाऊल टाकत नसत.

‘हे बघ, लॅबवाली. रांग नाय. आनि कोनी काय विचारनार पन नाय!’

अर्ज माझ्या लॅपटॉपवर भरला. प्रत्येक रकाना त्यांनी मोठ्याने वाचायला लावला. व्यवसायाच्या जागी मी ‘निवृत्त’ लिहिलं, ते त्यांना आवडलं नाही. पण खरं भांडण झालं पत्त्यावरून. भारतातला पत्ता मागितला होता. मी बोईसरच्या या घराचा लिहायला घेतला.

‘सातपाटी लिही. बायचं घर.’

‘काका, तुम्ही इथे राहता. वीजबिल इथलं आहे.’

‘हितं मी राहतो. पत्ता सातपाटीचा.’

‘चौकशीला माणूस येईल.’

‘येऊ दे. सगला गाव मला वलखतो.’

मी लिहिलं. मालकाशी वाद घालून खोली कोण घालवणार? महिन्याभराने उत्तर आलं: दिलेल्या पत्त्यावर अर्जदाराचे वास्तव्य असल्याची खात्री न झाल्याने अर्ज नामंजूर.

चार दिवस खालून सुटकेस वजनकाट्यावर चढवल्याचा आवाज आला नाही. पाचव्या दिवशी ते म्हणाले, चल. आम्ही सातपाटीला गेलो. बाय घरामागे बांबूंवर बोंबील घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी बांबूवर टांगायची, की एक या बाजूला लोंबतो, एक त्या बाजूला. तिचे हात एकीकडे ते करत होते.

‘हवालदार आलेला?’ काकांनी विचारलं.

‘आलेला.’

‘काय बोलला?’

‘तुजं नाव घेतलं. हितं राहतो काय, बोलला.’

‘मग?’

‘मी बोलली, असा कोनी हितं राहत नाय. असा मानूसच नाय आमच्यात.’

काका खाली वाळूतच बसले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. ‘बाय, मी मानूस नाय तुमच्यात?’

बायने पहिल्यांदा हात थांबवले. ‘अरे मेल्या, पोलीस इचारतो तर माजा भाव काढून देऊ त्याच्या हातात? तिकडं तू काय करून आलास, मला काय ठावूक! मी शेजारनीला पन सांगितलं, कोनी इचारलं तर वलखत नाय बोल. सगला गाव तसाच बोलला.’

ज्या किनाऱ्यावर खाकी कपड्यातला माणूस नाव घेऊन आला की कोणाची तरी बोट परतलेली नसते, नाही तर कोणी तरी हद्दीपलीकडे पकडलेला असतो, तिथे दुसरं उत्तर कोण देणार? साऱ्या आळीने मिळून आपल्या माणसाला वाचवलं होतं आणि वाचवता वाचवता त्याचा अर्ज बुडवला होता. काका हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं. हसता हसता खांद्याने डोळे पुसत होते, कारण हाताला वाळू लागली होती.

अर्ज पुन्हा भरला. पत्ता तोच. या वेळी बायची शिकवणी घेतली. पण ती आपली शिकवणीच्या चार पावलं पुढे. हवालदार आला तेव्हा मी नव्हते, पुतण्याच्या सुनेने नंतर सांगितलं. बायने काकांच्या जुन्या चपला दारात मांडून ठेवल्या होत्या. ‘राहतो, राहतो. हे बघा पायतान. ताट पन त्याचं येगलं हाय.’ आत्ता कुठे आहेत विचारलं, तर म्हणाली, ‘आत्ताच भायेर गेला. येतो बोलून गेला. तो जातो बोलत नाय कदी.’

अर्ज मंजूर झाला. ठसे घ्यायला विमानतळावर बोलावलं, तिथे अंगठा काही केल्या उमटेना. लहानपणच्या दोरांनी आणि पुढच्या इंजिनांनी रेषा घासून नेल्या होत्या. चौथ्या खेपेला यंत्राला दया आली. पाच वर्षांची सोय झाली. होळी झाल्यावर काका ‘जातो’ म्हणून गेले. सुटकेसमध्ये बायचे नेहमीचे दमट बोंबील होते.

आणि दीड महिन्यातच पुतण्याचा फोन गेला. बाय पडली होती, उठत नव्हती.

काका आले. या वेळी मी त्यांना बघितलं ते सगळं आटोपल्यावर, तेराव्यानंतर. बाय नऊ दिवस होती. शेवटचं पाणी त्यांच्याच हातून प्यायली. म्हणजे जे हवं होतं ते मिळालं होतं. मी तसं म्हटलं, तर जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून ते बराच वेळ बोटं चोळत राहिले.

‘बोट टेकवलं, दार उघडलं,’ ते म्हणाले. ‘मिनिट पन नाय लागलं. पलीकडं गेलो. मागं वलून बघितलं, कोनी नाय. एवढा आलो तर कोनी तरी आलास बोलेल असं वाटलं व्हतं. पहारेवाला बोलला, चला, पुढं चला.’

मी एक पायरी वर बसले.

‘घरी गेलो. बायनं डोले उघडले. काय बोलली सांग.’

‘कदी आलास?’

‘आनि कदी जाणार. मी बोललो, नाय जात. ती बोलली, खोटं नको बोलू. तारीख सांग. सुनेला सांगते बोंबील घालायला. पाच उन्हं लागतात. तू तारीखच सांगत नाय कदी, मग तुजे कच्चे राहतात.’

पाच उन्हं. म्हणजे पाच दिवसांचं कडक ऊन. जन्मभर ती विचारत होती ते एवढ्यासाठीच, की निघायच्या दिवशी त्यांचे बोंबील वाळून तयार असावेत. आणि हे जन्मभर तारीख लपवत होते आणि तिच्या नजरेला नावं ठेवत होते. मला रडू आलं ते बायसाठी नव्हे, या माणसासाठी आलं. सत्तरी ओलांडून एका प्रश्नाचा अर्थ कळावा आणि विचारणारं माणूस नऊ दिवसांत जावं, याला काय म्हणायचं?

त्यांनी तिला तारीख सांगितली होती. पुतण्याच्या सुनेने बोंबील घातले होते. जायच्या दिवशी त्यांनी मला पुडी उघडून दाखवली. बोटाने दाबलं की कडकन मोडत होते, वास म्हणाल तर मलाही सोसवेल इतकाच. सुटकेस रिक्षात ठेवली. सकाळचे दहा वाजले होते, कामावर जाणाऱ्या बस निघून गेलेल्या, रस्ता मोकळा होता. ते पुन्हा फाटकापाशी आले.

‘येतो, बाय,’ म्हणाले.

मला त्यांनी बाय कधीच म्हटलं नव्हतं. येतो तर कोणालाच म्हटलं नव्हतं. आणि म्हणून झाल्यावर ते गेले नाहीत. फाटकाच्या कडीवर हात ठेवून, माझ्याकडे बघत उभे राहिले. रिक्षावाला मागे वळून बघायला लागला. ‘कधी येणार?’ हा ओठांवर आलेला प्रश्न मी गिळला; कागदावरच्या दोन प्रश्नांचाच तो भाऊ होता. चार वर्षं पाळलेला नियम होता, आज दुःखात असलेल्या माणसासमोर कसा मोडू? मी म्हटलं, ‘सांभाळून जा काका.’

त्यांनी मान हलवली आणि रिक्षात बसले.

वर जाताना जिन्यात मीटरच्या पेटीशेजारी मला भिंत दिसली. कागद नव्हता. डिंकाचे चार डाग होते आणि मधली भिंत बाजूच्या भिंतीपेक्षा पांढरी होती. मी तशीच रस्त्यापर्यंत धावले. रिक्षा वळून गेली होती.

दिवाळी आली, काका आले नाहीत. फोन लागेना. मग त्यांच्या मुलाचा इंग्रजीत निरोप आला. वडिलांची आठवण फार वेगाने गेली आहे, त्यांना आता म्हाताऱ्यांच्या निवासात ठेवलं आहे, इंग्रजी पूर्ण विसरलेत. रोज प्रत्येक नर्सला, डॉक्टरला, जेवण आणणाऱ्याला ते एकच काहीतरी विचारतात आणि उत्तर मिळालं नाही की बेचैन होतात. आम्हाला भाषा कळत नाही. तुमचा नंबर त्यांच्या वहीत मिळाला. हे काय आहे, सांगाल का? सोबत त्यांचा आवाज पाठवला होता. मी लॅबच्या मागच्या दाराशी उभी राहून ऐकला. भांड्यांचा खणखणाट होता, कोणी बाई लाडाने काही म्हणत होती आणि त्या सगळ्यात काकांचा आवाज, पोरासारखा उत्सुक:

‘कदी आलास? कदी जाणार?’

मी अर्थ कळवला. लिहिलं, त्यांना काहीही तारीख सांगा, पण सांगा. आणि मग, चार वर्षं आणि एक सकाळ उशिराने, फोन तोंडाजवळ धरून माझा आवाज पाठवला: ‘काका, कधी येणार?’

संध्याकाळी मुलाचं उत्तर आलं. त्याने तो आवाज वडिलांना ऐकवला होता. ते पुन्हा पुन्हा ऐकवायला लावत होते आणि काहीतरी विचारत होते. तो आवाजही त्याने पाठवला होता. काका म्हणत होते, ‘कोन इचारतं? कोन हाय ती?’

मी आधी लिहिलं, भाडेकरू. ते खोडलं. मग मुलाला कळो न कळो, मराठीतच बोलून पाठवलं, की काका, मी बोईसरच्या घरातून बोलते. बोंबील घालायचेत, पाच उन्हं लागतात, तेवढी तारीख सांगा.

हे लिहीपर्यंत तारीख आलेली नाही.